तबकडीतले गेनूतात्या

बारामतीत स्टेशनकडून गावात शिरणाऱ्या रस्त्यावर गेनूतात्यांचं कंदील-स्टोव्ह दुरुस्तीचं दुकान होतं. तिथं कंदील टाकला, की पलटणीचा बँड ऐकावा लागे. त्यातून सुटका नव्हती. नुसती वात वर ओढून द्यायची असली तरी तात्या आधी फडक्याला हात पुसत, खोक्यातून तबकडी काढत, ग्रामोफोनला चावी देत आणि गिऱ्हाइकाला म्हणत, "बसा हितं. टोपी नीट करा."

टोपी नीट झाल्याशिवाय सुई खाली टेकत नसे. तोंडात पान असलं तर ते थुंकून यावं लागे. मग कर्ण्यातून पितळी वाद्यांचा असा काही कल्लोळ उठायचा, की समोरच्या झाडावरचे कावळे आधी उडत आणि नंतर सवयीनं परत येऊन बसत. ते एक इंग्रजी कूच होतं, पलटण चालताना वाजवतात तसलं. त्याचं नाव तात्यांना ठाऊक नव्हतं. ते त्याला 'आमचं कूच' म्हणत. जेमतेम तीन मिनिटांत ते संपे. तेवढा वेळ तात्या कर्ण्याशेजारी ताठ उभे राहत, डोळे मिटून घेत आणि उजव्या हाताच्या बोटानं धोतरावर हळूच ठोके देत. संपलं, की डोळे उघडून विचारत,

"आलं ऐकू?"

"काय, तात्या?"

"ढोल. त्यो माझा हाय. ह्या तबकडीत मी हाय."

आता खरी गोष्ट अशी, की त्या तबकडीत ढोल नव्हता. तुतारीसारखं फुंकायचं कॉर्नेट होतं, त्याच्याखाली घोगऱ्या आवाजाचे मोठे बाजे होते, मध्ये कुठंतरी बासरीसारखं काहीतरी किंचाळत होतं. पण ढोल? बारामतीतल्या निम्म्या लोकांनी तरी त्या कर्ण्यात कान घालून पाहिलं असेल, कुणालाही तो सापडला नाही. पण कंदील तात्यांच्या ताब्यात असे आणि घरी अंधार वाट पाहत असे. म्हणून जो तो म्हणायचा, "आलं की! चांगला दणदणीत वाजलाय!" तात्यांना हे खोटं कळत असे. दणदणीत म्हटलं, की ते त्या माणसाकडं जरा दयेनंच बघत आणि कंदील त्याच्या हातात देत.

मी त्या वेळी कालव्याच्या कचेरीत कारकून होतो. तीस सालानंतरची ही गोष्ट. लग्न झालेलं नव्हतं, आणि तात्यांच्या दुकानामागची खोली मला राहायला मिळाली होती. म्हणजे इतर लोक ते कूच कंदिलामागं एकदा ऐकत, मी रोज पाच-सहा वेळा ऐकत असे. मला संगीतातलं काही कळत नाही. पाण्याचे अर्ज तपासणं हे माझं काम, आणि अर्जात जे लिहिलेलं नाही ते आहे असं म्हणायची मला सवय नाही. आमच्यात जे वाजलं ते यावरूनच.

तात्या पलटणीत मोठा ढोल वाजवत. चौदा सालच्या लढाईच्या आधी, पलटण वर पंजाबात एका छावणीत होती, तेव्हा कुणी गोरा साहेब मेणाच्या तबकड्या आणि यंत्र घेऊन आला आणि त्यानं बँडचं कूच त्यात भरून नेलं. पुढं त्याच्या तबकड्या बाजारात आल्या. त्यातली एक तात्यांनी मिळवली, आणि लढाईहून परत आले ते ती तबकडी पटक्यात गुंडाळूनच. बाकी त्यांनी काय आणलं म्हणाल, तर चाल आणली. बुटका, रुंद माणूस. वर्षानुवर्षं पोटावर ढोल घेऊन चालल्यामुळं पाठीत मागं झुकलेला. ढोल कधीचा सुटला, पण तात्या भाजी आणायला निघाले तरी पुढ्यात ढोल असल्यासारखेच निघत. त्यांच्याबरोबर चालणं हा एक व्यापच होता. तुमचा डावा पाय आणि त्यांचा डावा पाय एका वेळी पडला नाही, तर ते मध्येच एक पाऊल घासून माप जुळवून घेत आणि तुमच्याकडं न बघता म्हणत, "चुकलासा."

माप हा त्यांचा देव होता. बायको भाकरी थापताना त्या थापा ते मोजत. देवळात आरती चालू असली, की टाळवाल्याकडं असं रोखून बघत, की त्या बिचाऱ्याचा हमखास एक टाळ चुकायचा. पुण्याच्या जुन्या बाजारातून त्यांनी दुसऱ्या बँडांच्याही तीन-चार तबकड्या आणल्या होत्या. त्या ते ऐकायचे, पण परीक्षकाच्या थाटात. "ह्यांचा ढोलवाला बघा," ते म्हणत, "अक्षता पडायच्या आदीच पंगतीला बसतोय." आणि मग शिकवण्याच्या सुरात, "भाऊसाहेब, ढोलवाल्याचं काम वाजवायचं नसतंय. थांबायचं असतंय. वाजवनं काय, कुनीबी वाजवतंय."

स्वतःच्या तबकडीची दुसरी बाजू मात्र त्यांनी कधी लावली नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "ती नाचाची हाय, सायब-मडमांची. तिकडं माझं काम न्हाय."

त्यांचं आणखी एक वेड होतं. कऱ्हेच्या पात्रातून वाळू घेऊन कुंभाराची गाढवं दुकानावरून जात. ती दिसली, की तात्या हातातला स्टोव्ह तसाच टाकून बाहेर येत आणि बंडीच्या खिशातून गुळाचे खडे काढून एकेका गाढवाच्या तोंडात देत. टांग्याच्या घोड्यालाही देत, पण गाढवांवर लोभ जास्त. माणसाला कधी चहा विचारला नाही त्यांनी. तात्यांची बायको, मी त्यांना काकी म्हणत असे, दारातून बघत म्हणायच्या, "मागल्या जल्मीचं सोयरं हायती. पावन्याला काय तोंड गोड करावं, तसं करत्यात." गावातली मंडळीही या गुळावरून तात्यांची भरपूर थट्टा करीत. तात्या कुणालाच उत्तर देत नसत. एरवी शब्दाला शब्द देणारा माणूस, पण गुळाचं नाव निघालं की गप्प.

एके दिवशी माझा कंदील बिघडला. तीन वेळा कूच ऐकवून झाल्यावर तात्यांनी मला विचारलं, "आलं ऐकू?"

त्या दिवशी कचेरीत वरिष्ठांची बोलणी खाल्लेली होती. मी म्हणालो, "नाही, तात्या. खरं सांगायचं तर आजवर एकदाही आलं नाही. त्यात ढोल नाहीच."

दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती. ती छपराकडं बघायला लागली. तात्यांनी तबकडी उचलली, फुंकर घातली, कागदात घातली. कंदील माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाले, "कान धुऊन येत जावा."

मग पंधरा दिवस आमचं बोलणं बंद. रस्त्यात गाठ पडली, तर तात्या माझ्या शेजारून मुद्दाम चुकीच्या पायावर चालत. मला वाटत होतं, मी खरं तेच बोललो. आणि तरीही दुकानातून कूच ऐकू आलं, की मी खिडकी लावून घेत असे. शेवटी काकीच आल्या. म्हणाल्या, "भाऊसाहेब, ऐकू न्हाय आलं तर न्हाय आलं. ह्या घरात माझं तरी कोन ऐकतंय? म्हनून काय मी न्हाय व्हय हितं?"

मी तात्यांकडं गेलो. ते स्टोव्हच्या भोकात तार घालत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "हाय मी त्यात. आईच्यान सांगतो. पन कसा हाय ते इचारू नगा. ते सांगन्यासारखं न्हाय."

हे मला चमत्कारिकच वाटलं. ढोल वाजवला, तो तबकडीत गेला, यात सांगण्यासारखं नाही असं काय असणार? पण मी कान पकडले आणि आमची दिलजमाई झाली.

त्याच सुमाराला पणदऱ्याचं ते प्रकरण झालं. पणदऱ्याच्या एका ऊसवाल्या बागायतदाराला मुलाच्या लग्नात अस्सल इंग्रजी बँड हवा होता. गावात हुसेनमास्तरांचा बँड होता. सात माणसं, नाटकातली पदं उत्तम वाजवीत. पण इंग्रजी म्हटल्यावर हुसेनमास्तर तात्यांकडं आले. आठ दिवस त्या सातजणांनी दुकानात बसून कूच ऐकलं. तात्यांचा जीव सुपाएवढा झाला होता. टोप्या तर त्यांनी रोज तपासल्या.

आता त्या तबकडीची थोडी हकीगत सांगायला हवी. लढाईहून आल्यावर, ग्रामोफोन घ्यायच्या आधीच, ती बैलगाडीतून पडली होती आणि काठापासून आतपर्यंत तिला तडा गेला होता. त्या जागी सुई आली, की अडखळून मागं जायची, आणि तोच तुकडा पुन्हा वाजायचा. दोनदा, तीनदा. मग तात्या खोक्याच्या कडेला बोटाच्या पेरानं 'टक' करीत आणि सुई पुढं सरके. शिवाय ग्रामोफोनची कमान, म्हणजे आतली स्प्रिंग, ढिली झालेली. शेवटाकडं कूच मंदावत जाई, सूर खाली खाली उतरत, सगळा बँड जेवून सुस्तावल्यासारखा होई, मग तात्या ओरडत, "चावी!" आणि चावी फिरवली, की तोच बँड एकदम धावत सुटे. तात्यांना याची इतकी सवय झाली होती, की तडाही त्यांना ऐकू येत नसे आणि चावीही. आणि हुसेनमास्तरांनी तर हे कूच दुसरीकडं कुठं ऐकलंच नव्हतं.

लग्नाच्या दिवशी दुपारी नवरदेवाला मारुतीच्या दर्शनाला नेण्याची मिरवणूक निघाली. मीही गेलो होतो. पुढं बँड, मागं घोडा. कूच सुरू झालं आणि खरोखर अंगावर काटा आला, इतकं झकास. मग तो तडा आला. सातहीजणांनी एक तुकडा वाजवला, पुन्हा तोच वाजवला, पुन्हा तोच. आणि हुसेनमास्तरांनी ढोलाच्या कडेला पेरानं 'टक' केलं. बँड पुढं गेला. शेवटाकडं कूच मंदावू लागलं. सूर उतरले. वाजवणारे गुडघ्यांत वाकत चालले, नवरदेवाचा घोडाही पेंगल्यासारखा थांबला. एवढ्यात हुसेनमास्तरांनी हात उंच करून हवेत गरागरा चावी फिरवली आणि सगळे ताठ होऊन असे काही सुटले, की घोडा बिथरला आणि करवली बाजूच्या पाटात उतरली.

मी तात्यांकडं बघितलं. चेहरा तांबडालाल. मला वाटलं, आता हा माणूस इथं रडतो किंवा कुणाला तरी मारतो. पण तेवढ्यात पणदऱ्याचे एक पाटील शेजाऱ्याला म्हणाले, "विंग्रजी म्हंजे हे असंच असतंय. मधी दम खायला थांबत्यात आन् मग हल्ला." गावाला ते कूच बेहद्द आवडलं. त्या वर्षी आसपासच्या सगळ्या लग्नांत तड्यासकट आणि चावीसकट तेच वाजलं.

परत येताना मी म्हणालो, "तात्या, तुम्ही त्यांना नीट चाल म्हणून दाखवायची होती."

"मला कुठं येतीया?" तात्या म्हणाले. "मला सूर न्हाय ठावं. मला निस्तं माप ठावं हाय." थोडं चालल्यावर पुन्हा म्हणाले, "त्यांच्या ढोलवाल्यानं माझं ठोकं न्हाय घेतलं. तबकडीतनं त्याला ऐकाय आलं न्हाईत." एवढंच त्यांना लागलं होतं. तड्याचं त्यांना काही वाटलंच नाही.

पुढं माझी बदली इंदापूरला झाली, कालव्याच्या शेपटाकडं. तिथं एक निवृत्त सुभेदार होते. लिंबांची बाग, पिळदार मिशा आणि तोंडात नवी कवळी. पाण्याचा अर्ज घेऊन ते स्वतः कचेरीत यायचे आणि माझ्या टेबलासमोर असे उभे राहायचे, की मलाच उठून उभं राहावंसं वाटे. त्यांनी एका रविवारी मला चहाला बोलावलं. त्यांच्याकडंही ग्रामोफोन होता, बिनकर्ण्याचा, नव्या धर्तीचा. "आमच्या बँडची तबकडी ऐकवतो," ते म्हणाले. "मी कॉर्नेट वाजवत होतो. कवळी बसवली आणि ते संपलं."

सुई टेकली, आणि तेच कूच सुरू झालं!

पहिल्यांदाच मी ते अखंड ऐकत होतो. तडा नव्हता, पेंग नव्हती. मी तर त्या जागी 'टक' करायला बोटही उचललं होतं. पण कूच न अडखळता पुढं गेलं, आणि नेमका तिथंच, आमच्या तबकडीत जिथं तडा होता तिथं, सगळी वाद्यं क्षणभर हलकी झाली आणि त्यांच्यामागून फार लांबून आवाज आला. धप्. मग पुन्हा. धप्.

"ऐकलंत?" सुभेदार खूश होऊन म्हणाले. "ते खेचर!"

"खेचर?"

"साहेबांच्या मेसच्या दिवाणखान्यात वाजवत होतो आम्ही. भिंतीपलीकडं तबेला. ऐन वेळी खेचरानं लाथा झाडल्या. साहेबानं तबकडी टाकून दिली, खेचर तिथून हलवलं. दुसऱ्यांदा वाजवलं, पुन्हा धप्! दुसरं खेचर हलवलं. तिसऱ्यांदा वाजवलं, पुन्हा धप्! शेवटी साहेब म्हणाला, जाऊ द्या. जगात कुठल्याही बँडच्या तबकडीत खेचर नसेल, आमच्या आहे."

मी कप खाली ठेवला. म्हणालो, "सुभेदारसाहेब, तुमच्या ढोलवाल्याचं नाव काय होतं?"

"गेनू. पण ढोल यात नाही. ढोलाच्या दणक्यानं यंत्राची सुई उडते म्हणून साहेबानं त्याला ढोलासकट मागच्या व्हरांड्यात काढलं होतं. वाजवायचं नाही असा हुकूमच होता."

त्या संध्याकाळी मी तात्यांना कार्ड लिहिलं. कार्डात सगळं लिहायची हिंमत झाली नाही. तुमचे सुभेदार इथं आहेत, त्यांच्याकडं तुमची तबकडी बिनतड्याची आहे, त्यात काहीतरी ऐकू येतं, या, एवढंच. उत्तर आलं, प्रकृती बरी नाही. दुसरं कार्ड टाकलं, तर स्टोव्ह फार आलेत. तिसऱ्याला उत्तर काकींनी कुणाकडून तरी लिहवून घेतलं होतं: 'धडधाकट आहेत. सुभेदारांच्या नावानं घाबरले आहेत. शनिवारी मोटारीत बसवून देते.'

शनिवारी दुपारी तात्या इंदापुरात उतरले, काखेत तबकडीचं खोकं. वाटेत माझ्या पावलाशी पाऊल जुळवायलाही विसरले. एकदाच म्हणाले, "सुभेदारसायब काय म्हनत्यात, आवाज कशाचा हाय?"

मी खरं ते सांगितलं. तात्या रस्त्यात उभे राहिले. "खेचराचा," ते म्हणाले, आणि खोकं दुसऱ्या काखेत घेऊन चालू लागले.

सुभेदारांच्या ओसरीवर शेजारपाजारचे दोघं-तिघं जमले होते. सुभेदारांनी तात्यांना बसायला सांगितलं, पण तात्या बसले नाहीत. कूच सुरू झालं. मी तात्यांच्या बोटाकडं बघत होतो. बोट धोतरावर पडलं, आणि त्याच क्षणी तबकडीतून आलं, धप्. बोट पुन्हा पडलं. धप्. शेजारी हसले. सुभेदार म्हणाले, "हे बघा, हे खेचर! अन् हे पुन्हा!" आणि तात्या, ज्यांनी बारामतीत प्रत्येक कंदिलामागं आपला ढोल लोकांना ऐकवला होता, ते आयुष्यात पहिल्यांदा तो स्वतः स्वच्छ ऐकत होते.

तबकडी संपली. सुभेदार हसत म्हणाले, "काय गेनू, ओळखलंस का खेचर? तबेला तुझ्याच बाजूला होता."

'होय' म्हटलं असतं तर सगळं तिथंच मिटलं असतं. हसून, चहा पिऊन परत जाता आलं असतं. पण मग तो आवाज कायमचा खेचराचा झाला असता. आणि 'नाही' म्हणायचं, तर पलटणीचा हुकूम मोडल्याचं सुभेदारांच्या तोंडावर सांगायचं. मला वाटलं, तात्या बोलणार नाहीत. मी त्यांना इथं आणलं याचा मला पश्चात्ताप झाला.

तात्यांनी टाचा जुळवल्या.

"खेचर न्हवं, सुभेदारसायब. मी हुतो."

सुभेदार ग्रामोफोनकडून त्यांच्याकडं वळले.

"काठी न्हाय लावली," तात्या म्हणाले. "हुकूम हुता. काठी खाली ठिवली हुती. पन आतनं कूच ऐकाय आलं आन् बोट ऱ्हाईना. पयल्यांदा चुकून पडलं ढोलावर. मग तुमी पुन्यांदा वाजवलं, तवा मनाशी ठरवलं हुतं, हात पाठीमागं बांदायचं. न्हाय जमलं."

सुभेदारांचा चेहरा बघवेना. "तीन वेळा!" ते ओरडले. "तीन वेळा वाजवलं आम्ही! माझा ओठ फुटला, रक्त..." आणि इथं त्यांची कवळी सरकली. ती काढून, धोतराच्या सोग्याला पुसून, पुन्हा बसवेपर्यंत त्यांचा राग निम्मा झाला असावा. नंतर ते हळू आवाजात म्हणाले, "आणि ती खेचरं?"

"दुसरं परत आलं तबेल्यात. पयलं म्हंजी मोती. पांढऱ्या नाकाचं." तात्यांचा आवाज फाटला. "लाथा मारनारं म्हनून त्याला तोफखान्याकडं धाडलं. लढाईत तिकडंच गेलं ते. गरीब जनावर. कंदी कुनाला लाथ मारली न्हाय त्यानं. मी सांगाय पायजे हुतं. भ्यालो."

तेव्हा मला कऱ्हेवरून येणारी गाढवं आठवली आणि बंडीच्या खिशातला गूळ आठवला. इतकी वर्षं त्या गुळावरून आम्ही या माणसाची थट्टा केली होती. मला माझी लाज वाटली.

सुभेदार उठले. मला वाटलं, आता बाहेर काढतात. ते ग्रामोफोनपाशी गेले, चावी दिली आणि सुई पुन्हा सुरुवातीला टेकवली. ती जागा आली. धप्.

"गेनू," सुभेदार म्हणाले.

धप्.

"गेनू." ते तबकडीकडंच बघत होते. एकेका ठोक्याला एकेकदा त्यांनी नाव घेतलं, हजेरी घेतात तसं. पाचव्या ठोक्याला मात्र त्यांनी भुवई उचलली. "हा उशिरा आहे."

"व्हय," तात्या म्हणाले. "तवा तुमी मागं पडला हुता, सायब. ओट फुटल्यावर. मी थांबलो तुमच्यासाटी."

सुभेदार इतके हसले, की कवळी सांभाळायला त्यांना तोंडावर हात धरावा लागला.

निघताना त्यांनी ती बिनतड्याची तबकडी तात्यांना देऊ केली. तात्यांनी घेतली नाही. म्हणाले, "ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं. हितली मानसं खेचर म्हनत हुती, त्यास्नी आता कळू द्या. आमच्या बारामतीत समद्यांनी पयल्यापास्नंच ऐकलंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना बारामतीच्या मोटारीत बसवून दिलं. त्यानंतर माझी बदली आणखी लांब झाली. कधीमधी कार्ड यायचं, मग काकींचं एक आलं, आणि मग काही आलं नाही. म्हणून मला शेवटचे तात्या दिसतात ते त्या मोटारीतले. मागच्या बाकावर खिडकीशी, मागं झुकून बसलेले. मांडीवर तबकडीचं खोकं.

मोटार सुरू झाली, वीसएक पावलं गेली आणि थांबली. ड्रायव्हर खाली उतरला. त्यानं चाकं लाथेनं तपासली, वाकून खाली बघितलं, पुढचं झाकण उघडलं. उतारूंच्या माना खिडक्यांबाहेर आल्या. मीही धावत गेलो. ड्रायव्हर वैतागून क्लीनरवर ओरडत होता, "अरं, मागं कायतरी धप धप वाजतंय! काय सुटलंय बघ की!"

तात्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. त्यांचं बोट अजून खोक्यावरच होतं.

"गाडी बरी हाय, डायवर," ते सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "त्यो मी हाय."